विनोबांचे स्मरण, विनोबांचे विस्मरण

पेण म्हटले की गणपती आठवतो. भाद्रपदाच्या कितीतरी महिने आधीपासून तिथल्या कारखान्यांत मूर्तींच्या रांगा लागलेल्या असतात आणि तिथून त्या मुंबई-पुण्याच्या घरांत, एवढेच काय, परदेशांतही जातात. याच पेण तालुक्यात डोंगरांच्या आडोशाला गागोदे हे गाव आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी तिथल्या भाव्यांच्या घरात गणपती बाजारातून येत नसे. घरातली पोरे सहाणेवर चंदन उगाळीत आणि त्या गंधातून आजोबा, शंभूराव भावे, आपल्या हाताने मूर्ती घडवीत. तिची प्रतिष्ठा होई, पूजा होई आणि ठरल्या दिवशी ती पाण्यात सोडली जाई. जिच्यासाठी हात दुखेपर्यंत चंदन उगाळले ती मूर्ती अशी बुडवायची, हे घरातल्या एका नातवाला फार लागे. मोठेपणी त्यानेच या प्रसंगाचा अर्थ लावला. आवाहन जितक्या मनापासून करायचे, विसर्जनही तितक्याच मनापासून करता आले पाहिजे, असा तो अर्थ होता.

हा नातू म्हणजे विनायक नरहरी भावे. जन्म ११ सप्टेंबर १८९५. आई त्याला विन्या म्हणे. गांधीजींच्या आश्रमात गेल्यावर तो विनोबा झाला. विनोबा म्हटले की आपल्याला भूदान आठवते, पंचा नेसलेली ती कृश मूर्ती आठवते. पण त्यांचे चरित्र आणखी एका बाजूने वाचण्याजोगे आहे. ज्यांच्या घरात सत्तरीचे आईवडील आहेत आणि चष्मा सापडला नाही की ज्यांच्या मनात नको ती शंका येते, त्यांनी तर ते अवश्य तसे वाचावे. विनोबा हे स्मरणशक्तीचे एक मोठे कोठार होते. ते कसे भरले, ताणाच्या आणि म्हातारपणाच्या दिवसांत त्याचे काय झाले आणि शेवटी त्यांनीच त्याची दारे कशी मिटून घेतली, ही कथा गेल्या काही दशकांत मेंदूविषयी जे कळले आहे त्याच्या शेजारी ठेवून पाहिली की दोन्ही गोष्टी अधिक उमजतात.

वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्याला होते. विन्या आठ-दहा वर्षांचा असताना कुटुंब तिकडे गेले. आई रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या, पण संतांची पदे त्यांना शेकड्यांनी पाठ होती आणि कामे करता करता त्या ती गुणगुणत. एकदा त्यांनी देवाला एक लाख तांदळाचे दाणे वाहण्याचा संकल्प केला. रोज त्या एकेक दाणा मोजून वाहू लागल्या. नरहरपंत हिशेबी गृहस्थ. त्यांनी सुचवले की, एका तोळ्यात किती दाणे बसतात ते मोजावे आणि मग सरळ वजन करून वाहावे. आई गोंधळली. तिने विन्याला विचारले. गणितात गती असलेल्या या मुलाने आईच्या बाजूने कौल दिला. हा हिशेब दाण्यांचा नाही, प्रत्येक दाण्यागणिक होणाऱ्या स्मरणाचा आहे, असे त्याचे म्हणणे होते.

मेंदूशास्त्रज्ञ आज वेगळ्या शब्दांत जवळपास हेच सांगतात. आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि त्यातली एकेक पेशी हजारो इतर पेशींशी जोडलेली असते. आठवण ही एखाद्या पेशीत ठेवलेली वस्तू नव्हे. ती या जोडण्यांच्या जाळ्यात असते. दोन पेशी पुन्हा पुन्हा एकाच वेळी चेतल्या तर त्यांच्यामधली जोडणी बळकट होते, असा तर्क डोनाल्ड हेब या कॅनडातील मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये मांडला आणि पुढच्या प्रयोगांनी तो बराचसा खरा ठरवला. पायवाट जशी चालून चालून पडते तसेच हे. लाख दाण्यांचे वजन करून पायवाट पडत नाही.

पुढचा भाग अनेकांना ठाऊक आहे. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेला मुंबईकडे निघालेला हा मुलगा सुरतेला उतरला आणि काशीला गेला. त्याआधीच त्याने आपली प्रमाणपत्रे चुलीत घातली होती. ७ जून १९१६ रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात त्याची आणि गांधीजींची भेट झाली. वर्षभरातच त्याने रजा मागितली आणि तो वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे, म्हणजे पुढच्या केवलानंद सरस्वतींकडे, येऊन बसला. उपनिषदे, ब्रह्मसूत्र, शांकरभाष्य, मनुस्मृती, योगसूत्रे असा अभ्यास त्याने उरकला, शेकडो मैल पायी हिंडला आणि ठरल्या मुदतीला आश्रमात हजर झाला.

अशा पाठांतराने मेंदूत काय घडते याची एक तपासणी आपल्याच देशातल्या माणसांवर झाली आहे. जेम्स हार्टझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ वेदपाठी पंडितांच्या मेंदूंची एमआरआय चित्रे घेतली आणि त्यांची तितक्याच इतर माणसांच्या चित्रांशी तुलना केली. २०१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. भाषा आणि स्मरण यांच्याशी निगडित अनेक भाग पंडितांच्या मेंदूत अधिक भरीव आढळले. अर्थात, पाठांतरामुळे मेंदू असा झाला की असा मेंदू असलेलीच मुले पाठशाळेत टिकली, हे एका चित्रावरून सांगता येत नाही. घोकंपट्टीचे गोडवे गाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

विनोबांचे पाठांतर मात्र कोरडी घोकंपट्टी नव्हती. आईने एकदा संस्कृत गीता कळत नाही म्हणून सोप्या मराठीतील गीता मागितली होती. आई १९१८ मध्ये गेली आणि तिची मागणी विनोबांनी १९३० च्या ७ ऑक्टोबरला हाती घेतली. ६ फेब्रुवारी १९३१ ला ‘गीताई’ पुरी झाली. म्हणजे एक आठवण बारा वर्षे जिवंत राहिली आणि चार महिन्यांत ग्रंथ होऊन बाहेर आली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. समोर बसून साने गुरुजी ती उतरवून घेत होते, म्हणून ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती लागली.

आता ताणाकडे येऊ. १९३८ साली विनोबांची प्रकृती पार ढासळली. वजन नव्वद पौंडांच्याही खाली आले. गांधीजींना काळजी वाटू लागली आणि त्यांनी विश्रांतीचा आग्रह धरला. विनोबांनी डॉक्टरांकडे जाण्याऐवजी वर्ध्याजवळ पवनारला, जमनालाल बजाजांच्या बंगल्यात राहायला जायचे ठरवले. जाताना, धाम नदी ओलांडता ओलांडता, आपण सर्व टाकले आहे असे त्यांनी मनाशी तीनदा म्हटले. संस्थांची, माणसांची, चळवळीची सगळी काळजी नदीच्या अलीकडे ठेवली. तिथे त्यांनी थोडे खणायचे, थोडे फिरायचे आणि बाकी मन रिकामे ठेवायचे असा क्रम धरला. काही महिन्यांत वजन चांगले वाढले आणि कामाची उमेद परत आली.

संन्याशाला हे जमते, संसारी माणसाला कसे जमावे, असा प्रश्न इथे वाचकांच्या मनात येईल. तो रास्तच आहे. परंतु काळजी खाली ठेवल्याने शरीरात काय होते हे पाहण्यासारखे आहे. ताण आला की कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात वाढते. थोडा वेळचा ताण वाईट नसतो. परीक्षेच्या दिवशी तो उपयोगीच पडतो. पण तो आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकून बसला तर मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागाला झळ लागते. नव्या आठवणी मुरवण्याचे काम याच भागाकडे आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील ब्रूस मॅकइवेन यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की, ताणाचे संप्रेरक उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जाऊन बसते. पुढे त्यांच्या आणि इतरांच्या प्रयोगांत दिसले की, दीर्घ ताणाने तिथल्या पेशींच्या फांद्या आखडतात. झाड उभे असते, पण छाटल्यासारखे दिसते.

या संशोधनाचा एक महत्त्वाचा धागा बंगळूरचा आहे. तिथल्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले की, ज्या ताणाने हिप्पोकॅम्पसमधल्या फांद्या आखडतात त्याच ताणाने अमिग्डाला या भागातल्या फांद्या उलट वाढतात. हा भाग भीतीचे घर आहे. ताण थांबवून तीन आठवडे विश्रांती दिल्यावर हिप्पोकॅम्पसची छाटणी भरून निघाली. भीतीच्या घरातली वाढ मात्र तशीच राहिली. हे उंदरांतले निष्कर्ष आहेत आणि माणूस म्हणजे उंदीर नव्हे. तरीही चिंतेने ग्रासलेल्या माणसाला कालचा निरोप आठवत नाही आणि दहा वर्षांपूर्वीचा अपमान मात्र जसाच्या तसा आठवतो, हा आपल्या घराघरांतला अनुभव त्यांच्याशी जुळतो.

विनोबांना हा विषय आणखी एका वाटेने भेटला होता. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाची लक्षणे आहेत. त्यांत क्रोधापासून मोह, मोहातून स्मृतीचा गोंधळ आणि स्मृती ढळली की बुद्धीचा नाश अशी एक उतरंड सांगितली आहे. आश्रमात हे श्लोक रोज संध्याकाळी म्हटले जात. १९४४ साली सिवनीच्या तुरुंगात विनोबांनी याच श्लोकांवर व्याख्याने दिली, तीच ‘स्थितप्रज्ञ दर्शन’. गीतेत हिप्पोकॅम्पस शोधण्याचा हौशी उद्योग आपण करू नये. गीतेतली स्मृती म्हणजे मुख्यतः आपण कोण याचे भान. किराणा मालाची यादी नव्हे. पण मन क्षुब्ध झाले की आधी स्मरण जाते आणि मग निर्णय चुकतो, हा क्रम तिथे नेमका टिपला आहे.

सिवनीच्या आधी वेल्लोरचा तुरुंग होता. तिथे विनोबांनी तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चार भाषा एकदमच शिकायला घेतल्या. वय होते सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. या वयात आपण नवा टेलिफोन नंबरही लक्षात ठेवायचा कंटाळा करतो. कुराण मुळातून वाचता यावे म्हणून अरबी ते त्याआधीच शिकले होते, आणि त्यांचे पठण मौलाना आझादांनीही ऐकले होते.

वयानुसार मेंदूत काय घडते याबद्दल जुनी समजूत अशी होती की, पेशी भराभर मरतात आणि माणूस विसरभोळा होतो. ती आता बदलली आहे. निरोगी म्हातारपणात पेशी फार कमी जातात. झिजतात त्या जोडण्या. पेशींच्या फांद्यांवर सूक्ष्म अंकुर असतात आणि दुसऱ्या पेशीशी बहुतेक गाठ तिथेच पडते. त्यांतले काही बारीक, चंचल असतात, नवे शिकताना तेच कामी येतात. काही जाड, स्थिर असतात आणि ते जुने धरून ठेवतात. माकडांवरील अभ्यासांत असे दिसले की, वय वाढते तसे कपाळामागच्या भागातले बारीक अंकुर आधी आणि अधिक गळतात. जाड मात्र पुष्कळसे टिकतात. आजीला स्वतःच्या लग्नातले मानपान तपशिलाने सांगता येते आणि दुपारची गोळी घेतली की नाही ते सांगता येत नाही, याचा उलगडा थोडाफार इथे होतो. ताण आणि वय यांची युती तर विशेष वाईट. तरुण उंदरांत ताणाने गळलेले अंकुर ताण संपल्यावर पुन्हा फुटतात. म्हाताऱ्या उंदरांत ही लवचिकता उरत नाही. म्हणून साठीनंतरची काळजी तिशीतल्या काळजीपेक्षा महाग पडते.

नेमक्या याच वयात विनोबा चालायला लागले. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातील पोचमपल्ली येथे रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर जमीन देऊ केली, तेव्हा विनोबा पंचावन्न वर्षांचे होते. त्या रात्री त्यांना नीट झोप लागली नाही. एरवी लवकर निजून पहाटे तीनला उठण्याचा त्यांचा नेम कडक होता. (झोपेत मेंदू दिवसभराच्या आठवणी मुरवतो, हे आता पक्के ठाऊक आहे. टीव्हीसमोर जागणाऱ्या घरांनी याची नोंद घ्यावी.) तिथून पुढे तेरा-चौदा वर्षे पदयात्रा. चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन कागदावर मिळाली. तिच्यातली बरीच कधी वाटली गेली नाही, हेही खरेच. १९५२ च्या डिसेंबरात बिहारमध्ये चांडीलला मलेरियाने ते मरणाच्या दारात गेले. आधी औषध घेईनात; देशभरातून विनवण्या झाल्यावर घेतले. बरे झाले आणि पुन्हा चालू लागले. साठी उलटल्यावर आसामात फिरताना त्यांनी माधवदेवांच्या ‘नामघोषा’चा अभ्यास केला आणि त्याचे सार काढले. एका साठीपारच्या माणसाने परक्या भाषेतला संतग्रंथ मुरवून त्यातून निवड करावी, ही गोष्ट मला भूदानाच्या आकड्यांपेक्षा कमी मोलाची वाटत नाही.

चालण्याचा आणि स्मरणाचा संबंध असावा असे २०११ मधील एका अमेरिकन प्रयोगातही दिसले. १२० वयस्कर माणसांपैकी निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून तीन दिवस भरभर चालायला लावले. त्यांच्या हिप्पोकॅम्पसचे आकारमान सुमारे २ टक्क्यांनी वाढले. नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचे तेवढ्या काळात थोडे घटले. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत इतका स्पष्ट परिणाम आला नाही. पण चालण्याला खर्च नाही आणि हृदयाला ते हितकारकच आहे.

एकट्या विनोबांच्या उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, म्हणून त्याच जिल्ह्यातला दुसरा माणूस पाहू. पेणहून वडखळ, नागोठणे करीत कोलाडला वळले की कुंडलिकेकाठी रोहा लागते. चिंतामणराव देशमुखांचे बालपण तिथले. जन्म महाडजवळच्या नाते गावी, १४ जानेवारी १८९६. म्हणजे विनोबांपेक्षा अवघ्या चार महिन्यांनी धाकटे. १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, पुढे केंब्रिज, आय. सी. एस., रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये राजीनामा. विनोबांनी प्रमाणपत्रे जाळली, यांनी एकामागून एक मिळवली. पण पाठांतराचा संस्कार तोच. फायलींच्या ढिगाऱ्यातून उठून त्यांनी ‘मेघदूत’ मराठीत आणले. त्यांच्या संस्कृत कवितांचा संग्रह १९६९ मध्ये निघाला, तेव्हा ते त्र्याहत्तर वर्षांचे होते. आत्मचरित्र १९७४ मध्ये आले. मॅगसेसे पुरस्कार विनोबांना १९५८ मध्ये, देशमुखांना १९५९ मध्ये. एकाने ताणापासून दूर होऊन स्मरण राखले, दुसऱ्याने आयुष्यभर ताणाच्या मध्यभागी बसून. कदाचित फायलींशेजारी ठेवलेले ‘मेघदूत’ हेच त्यांचे पवनार असेल.

विनोबांच्या आयुष्याचा शेवटचा टप्पा मात्र देशमुखांपेक्षा वेगळ्या दिशेने गेला. ७ जून १९६६ ला, गांधीजींच्या पहिल्या भेटीला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, त्यांनी सूक्ष्मात प्रवेश करीत असल्याचे जाहीर केले. १९७० मध्ये पवनार न सोडण्याचे क्षेत्रसंन्यासव्रत घेतले. आपण बाहेरचे सारे विसरत चाललो आहोत आणि विसरायचेच आहे, असा त्यांचा रोख होता. हे म्हातारपणाला दिलेले गोंडस नाव होते काय? काही अंशी असेलही. पण विसरणे हे मेंदूचे निव्वळ अपयश नाही, हेही आता मानले जाते. निरुपयोगी जोडण्या सैल करण्याची यंत्रणा मेंदूत सदोदित चालू असते. ती नसती तर अडगळीतून हवे ते सापडलेच नसते. मनाच्या पातळीवर विनोबांनी जाणूनबुजून आरंभलेले विसर्जन हे तसे निराळेच, पण निवड दोन्हीकडे आहे.

या विसर्जनाची किंमतही होती. २५ डिसेंबर १९७४ पासून त्यांनी वर्षाचे मौन घेतले आणि त्याच काळात आणीबाणी आली. त्यांनी लिहून दिलेल्या दोन शब्दांचा सरकारने सोयीचा अर्थ लावला आणि त्यांचेच सहकारी तुरुंगात गेले. जयप्रकाश आणि त्यांचे कार्यकर्ते दुखावले गेले. जानेवारी १९७६ मध्ये पवनारला आचार्यांचे संमेलन भरले आणि देशात स्थिती पूर्ववत व्हावी असे सांगितले गेले, पण तोवर जखम झाली होती. काळजी खाली ठेवणे आणि जबाबदारी खाली ठेवणे यांतली रेषा कुठे असते? मला वाटते, १९३८ साली ती विनोबांना दिसत होती. १९७५ साली तितकीशी दिसली नाही.

म्हातारपणी त्यांना ऐकू फार कमी येऊ लागले. भेटायला येणारे कागदावर लिहून दाखवत. हा तपशील किरकोळ वाटेल, पण नाही. वैद्यकतज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय समितीने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या आणि टाळता येण्याजोग्या चौदा गोष्टी सांगितल्या. त्यांत श्रवणदोष, एकटेपणा, रक्तदाब, मधुमेह, व्यायामाचा अभाव आहेत. बहिऱ्या माणसाशी घरात कोणी बोलेनासे होते आणि त्याचा मेंदू रिकामा पडतो. विनोबांशी लिहून का होईना, लोक बोलत राहिले. आपल्या घरी कानाचे यंत्र कपाटात पडून असते.

भाजीवाल्याचे नाव आठवेना, ही वयाची गोष्ट. चाळीस वर्षे चाललेल्या रस्त्याने घर सापडेना, दोनाच्या चार पोळ्या कशा लाटायच्या ते कळेना, तर डॉक्टरांना दाखवावे. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, उदासीनतेचा आजार, एखाद्या गोळीचा दुष्परिणाम यांनीही स्मरण जाते आणि ते पुष्कळदा परत मिळते. अल्झायमरमध्ये तसे होत नाही. तिथे रोग्याइतकाच त्याची शुश्रूषा करणाऱ्या सुनेचा, मुलीचा मेंदू ताणाखाली असतो, आणि तिची चौकशी सहसा कोणी करत नाही.

१९८१ च्या १ जानेवारीला कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्याच वर्षी दुर्गाबाई देशमुख गेल्या. पुढच्या वर्षी, २ ऑक्टोबर १९८२ ला, चिंतामणरावांनी हैदराबादेत देह ठेवला. ५ नोव्हेंबरला पवनारात विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. उपचारांनी थोडा आराम पडला. पण ८ तारखेपासून त्यांनी अन्न, पाणी आणि औषध नाकारले. आग्रह करणाऱ्यांना ते मान हलवून नको म्हणत. १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, सकाळी ते गेले. धाम नदीच्या काठीच त्यांना अग्नी दिला.